डोळ्यातला थेंब आणि ३८ वर आलेली नाडी

सकाळी शौचालयातून उठता उठता चक्कर येऊन पडलेल्या ७४ वर्षांच्या आजींचं हे प्रकरण. आजी काल्पनिक आहेत, शिकवण्यासाठी बेतलेल्या. औषधं, त्यांचे परिणाम आणि निर्णयांतले पेच मात्र रोज वॉर्डात भेटणारेच आहेत. नाडी, बीपी, पचन अशी आपोआप चालणारी कामं सांभाळणाऱ्या स्वायत्त चेतासंस्थेवरच्या औषधांचे तक्ते प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतात: कुठलं औषध, कुठला रिसेप्टर (पेशीवरची औषध बसायची जागा), कुठल्या अवयवावर काय घडतं. तो तक्ता तोंडपाठ असलेल्या माणसाच्या हातूनही हे प्रकरण पहिल्या तासात निसटू शकतं, कारण त्यातलं सर्वांत महत्त्वाचं औषध नातेवाइकांनी सांगितलेल्या यादीत नव्हतंच.

पहिला तास

आजी आल्या तेव्हा शुद्धीवर होत्या. सुनेच्या सांगण्यानुसार पडल्यावर मिनिटभर हाकेला ओ दिली नाही, चेहरा पांढराफटक पडला होता, मग आपोआप सावरल्या. जीभ चावलेली नाही, हातपाय झटकले नाहीत, नंतर गुंगी राहिली नाही. म्हणजे फिट नव्हे, मेंदूकडे जाणारं रक्त क्षणभर कमी पडलं. डोक्याला टेंगूळ होतं, सीटी स्कॅन स्वच्छ आला.

नाडी ३८. नियमित, पण ३८. आडवं असताना बीपी १३८/७६. ईसीजीमध्ये लय सायनस नोडचीच, म्हणजे हृदयाचा ठोका जिथून सुटतो त्या गाठीचीच होती, फक्त संथ. पीआर अंतर, म्हणजे ठोक्याचा संदेश वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत पोचायला लागणारा वेळ, २२० मिलिसेकंद, किंचित लांबलेलं. साखर, पोटॅशियम, क्रिएटिनीन, थायरॉइड आणि ट्रोपोनिन यांपैकी कशातच काही सापडलं नाही.

दोघांनी धरून आजींना उभं केलं. तीन मिनिटांनी बीपी ११२/६८ आणि नाडी ४१. या दोन आकड्यांपाशी जरा थांबायला हवं. वरचं बीपी २६ नं उतरलं आणि नाडी फक्त ३ नं वाढली. निरोगी माणसात बीपी असं घसरलं की मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाबसंवेदकांकडून खबर जाते, नाडी मंदावणारी व्हेगस ही चेता माघार घेते, नाडी वाढवणारी सिंपथेटिक चेतासंस्था जोर लावते आणि नाडी वर जाते. नाडीतली वाढ भागिले वरच्या बीपीतली घट हे गुणोत्तर ०.५ च्या खाली असेल तर चेतासंस्थेचाच दोष असावा, असा एक उपयुक्त ठोकताळा आहे. इथं ते ०.१२ च्या आसपास येतं. कागदावर पाहिलं तर स्वायत्त चेतासंस्था निकामी झाल्याचं निदान करून पार्किन्सनच्या कुळातले आजार शोधायला निघावं असं चित्र. पण या ठोकताळ्याला एक अट आहे, आणि ती विसरली जाते: नाडीवर परिणाम करणारं औषध अंगात नसावं. असेल तर गुणोत्तर आजार दाखवत नाही, औषध दाखवतं.

उभं असतानाच आजींना डोळ्यांपुढे अंधारी आली. झोपवलं. मॉनिटरवर तीन सेकंदांचा सपाट पट्टा गेला, बीपी ८६ वर आलं. शिरेतून १ मिलिग्रॅम ॲट्रोपिन, म्हणजे व्हेगसचा प्रभाव अडवणारं औषध, दिलं. दीड-दोन मिनिटांत नाडी ६८, बीपी १३०, चेहऱ्यावर रंग. या ६८ कडे पुढे पुन्हा यायचं आहे.

यादीत नसलेलं औषध

"औषधं कोणती चालू आहेत आईंना?"

"बीपीची एक, ॲम्लोडिपिन. आणि विसरण्यावरची एक, डोनेपेझिल."

"हृदयाचं, धडधडीचं, कंप कमी करणारं असं काही?"

"नाही हो, हृदयाचं कधीच काही नव्हतं."

नाडी ३८ असली की कुठलाही डॉक्टर बीटा ब्लॉकर या नाडी मंदावणाऱ्या औषधांबद्दल विचारतोच. उत्तर 'नाही' आलं की तो दरवाजा बंद होतो आणि पेसमेकरचा उघडतो. इथं आणखी एक प्रश्न विचारला गेला: "डोळ्यात काही घालता का?"

"ते काचबिंदूचे थेंब होय? ते तर वर्षानुवर्षं चालू आहेत."

सुनेनं उत्तर दिलं ते 'औषधं' या प्रश्नाचं नव्हे, हे लक्षात घ्या. थेंब, मलम, नाकातला फवारा, पट्टी यांना घरात कुणी औषध म्हणून मोजत नाही. खरं सांगायचं तर केसपेपरवरही ते 'इतर' या रकान्यात जातात आणि तिथंच राहतात.

थेंब टिमोलॉलचे होते, ०.५ टक्के, दोन्ही डोळ्यांत, सकाळ-संध्याकाळ. टिमोलॉल हा बीटा ब्लॉकर आहे. सिंपथेटिकचे बीटा-१ आणि बीटा-२ हे दोन्ही रिसेप्टर अडवणारा. डोळ्यात तो सिलिअरी बॉडीच्या, म्हणजे डोळ्यातलं पाणी बनवणाऱ्या भागाच्या पेशींवरचे बीटा-२ रिसेप्टर अडवून आतलं पाणी कमी बनवतो, त्यामुळे दाब उतरतो. १९७० च्या दशकाच्या शेवटी हे थेंब बाजारात आले तेव्हा पायलोकार्पिन या जुन्या थेंबांच्या जाचातून रुग्णांची सुटका झाली. बाहुली बारीक होणं नाही, कपाळ दुखणं नाही, आणि दिवसातून चार वेळा घालण्याऐवजी दोनदा. म्हणूनच ते इतके रुळले.

पण थेंब डोळ्यात राहत नाही. डोळ्याच्या कपारीत जेमतेम ३० मायक्रोलिटर मावतं आणि थेंब असतो ३० ते ५० मायक्रोलिटरचा. उरलेला काही गालावर ओघळतो, काही डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून अश्रुनलिकेत आणि तिथून नाकात उतरतो. नाकाच्या आतली त्वचा रक्तानं गच्च भरलेली. तिथून औषध थेट रक्तात जातं; गोळीसारखं आधी यकृतातून गाळून निघत नाही. ०.५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम. ४० मायक्रोलिटरच्या थेंबात ०.२ मिलिग्रॅम आलं. दिवसाचे चार थेंब धरले तर ०.८. बीपीसाठी टिमोलॉलची गोळी दिवसाला २० मिलिग्रॅमपासून सुरू करत, त्यापुढे हा आकडा किरकोळ वाटतो. तरीही हे थेंब घातलेल्या निरोगी माणसाला पळवलं तर त्याची नाडी एरवीइतकी चढत नाही. हृदयावरच्या बीटा-१ रिसेप्टरना थोडकं औषध पुरतं.

पुढची माहितीही सुनेकडूनच मिळाली. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत आजी स्वतः थेंब घालायच्या. आता सांभाळायला येणाऱ्या मावशी घालतात. आजी ऐन वेळी डोळा मिटतात, म्हणून मावशी "एक तरी आत जावा" अशा हिशेबानं प्रत्येक डोळ्यात दोन-तीन थेंब सोडतात. त्या दिवशी सातला थेंब घातले होते. आजी पडल्या साडेसातच्या सुमाराला. डोळ्यावाटे गेलेल्या टिमोलॉलची रक्तातली पातळी अर्ध्या तासाच्या आतच चढलेली असते.

बीपीच्या यंत्रातला तिसरा आकडा

वर्षानुवर्षं चाललेला थेंब आजच का नडला? थेंब वाढले हे एक कारण झालं. दुसरं डोनेपेझिल. चार महिन्यांपूर्वी ५ मिलिग्रॅम सुरू झालं, सात आठवड्यांपूर्वी १० केलं.

हे औषध ॲसिटिलकोलिन या चेतातंतूंच्या निरोप्या रसायनाला मोडणारं एंझाइम अडवतं. हवं असतं मेंदूत, पण एंझाइम सर्वत्र आहे, त्यामुळे ॲसिटिलकोलिन जिथं जिथं सुटतं तिथं तिथं ते रेंगाळतं. आतड्यात रेंगाळलं की मळमळ आणि जुलाब, मूत्राशयात रेंगाळलं की घाईची लघवी, व्हेगसच्या टोकाशी रेंगाळलं की नाडी मंद. व्हेगसचं काम रसायनाच्या मार्फत चालतं हे ओटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवलं: एकाची व्हेगस उत्तेजित केली, त्याभोवतीचं द्रव दुसऱ्यावर सोडलं, आणि कुणी हात न लावता दुसरंही मंदावलं. ते रसायन म्हणजेच ॲसिटिलकोलिन. १९३६ साली लोवी आणि हेन्री डेल यांना नोबेल मिळालं. आजींच्या सायनस नोडवर घडत होतं ते याच प्रयोगाचं गोळीरूप.

आता दोन औषधं कुठे भेटतात ते पाहू. सायनस नोडच्या पेशीत सीएएमपी नावाचा एक निरोप्या रेणू असतो. बीटा-१ रिसेप्टर चेतला की तो वाढतो आणि पेशी लवकर लवकर ठोका सोडते. एम-२ हा मस्कॅरिनिक रिसेप्टर ॲसिटिलकोलिननं चेतला की सीएएमपी घटतो; शिवाय पोटॅशियमचे दरवाजे उघडून पेशी पुढच्या ठोक्यापासून आणखी लांब जाते. टिमोलॉल वाढीची वाट बंद करतं, डोनेपेझिल घटीची वाट रुंद करतं. तक्त्यात ही दोन औषधं वेगवेगळ्या पानांवर असतात, एक 'अड्रिनर्जिक', एक 'कोलिनर्जिक'. पेशीत ती एकाच रेणूवर येऊन पडतात. नुसत्या टिमोलॉलवर असताना आजींची व्हेगस बेताची होती, म्हणून भागत होतं. तेवढ्यावरून 'थेंब मानवतात' असं सगळ्यांनी धरून चालणं स्वाभाविक होतं. मानवत होते ते व्हेगसच्या मेहेरबानीनं.

याचा पुरावा मिळाला तो घरच्या बीपीच्या यंत्रात. दर रविवारी बीपी मोजून सून वहीत लिहायची, वरचा आणि खालचा आकडा. यंत्र तिसराही आकडा दाखवतं, नाडीचा. तो कुणीच लिहीत नाही. पण यंत्राच्या स्मृतीत तो होता. बटण दाबत मागे गेल्यावर डोनेपेझिलच्या आधी ६१ ते ६४, ५ मिलिग्रॅमवर ५६ च्या आसपास, १० झाल्यावर ५० आणि ४९. मग मधेच तीन आठवडे ५५, ५४, ५५. आणि पडायच्या आदल्या दिवशी, आजींना बरं वाटत नव्हतं म्हणून मोजलं तेव्हा, ४३.

मधले तीन आठवडे काय घडलं होतं? "लघवीची गोळी होती ना तेव्हा," सून म्हणाली. डोनेपेझिल १० वर गेल्यापासून आजींना लघवी आवरेना. दुसऱ्या एका डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन दिलं. ते मस्कॅरिनिक रिसेप्टर अडवतं, मूत्राशय शांत होतं. पण तोंड कोरडं पडलं, शौचाला कडक होऊ लागलं आणि आजी रात्री असंबद्ध बोलायला लागल्या. स्मृतीसाठी मेंदूतलं ॲसिटिलकोलिन वाढवणारी एक गोळी आणि त्याच ॲसिटिलकोलिनला दारातच थोपवणारी दुसरी, दोन्ही एकाच डबीत. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध देणं हा प्रकार जुना आहे, आणि डोनेपेझिलनंतर मूत्राशयाची गोळी हे त्याचं जवळजवळ पाठ्यपुस्तकी उदाहरण. घरच्यांनी ती गोळी चार दिवसांपूर्वी बंद केली. बरोबरच केलं. पण ती गोळी हृदयावरचा व्हेगसचा प्रभाव थोडाफार झाकत होती, ते झाकणही गेलं. ऑक्सिब्युटिनिनचा जोर हृदयापेक्षा मूत्राशयावर आणि लाळग्रंथींवर जास्त, म्हणून एवढं श्रेय त्याला द्यावं की नाही याबद्दल मी थोडा साशंक आहे. पण यंत्रातले आकडे त्याच दिशेनं बोट दाखवतात.

त्यात सकाळी बद्धकोष्ठामुळे कुंथणं, म्हणजे व्हेगसला आणखी एक धक्का, मग चटकन उठणं, आणि नुकतेच घातलेले थेंब. ॲम्लोडिपिन नाडी उतरवत नाही, ते इथं बाजूला ठेवलं तरी चालेल. त्याच्या जागी व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम हे नाडीही मंदावणारं बीपीचं औषध असतं तर प्रकरण बहुधा याच्या कितीतरी आधी इथवर आलं असतं.

६८ चा अर्थ

वॉर्डात दोन मतं होती. एक म्हणे वय ७४, नाडी ३८, तीन सेकंदांचा खंड: सायनस नोडच दमलाय, पेसमेकर बसवा. हे मत वेडगळ नाही. म्हातारपणी नोडचा आजार असतोच, आणि पेसमेकर बसवला असता तर आजी पडायच्या थांबल्याही असत्या.

पण ॲट्रोपिननंतरचा आकडा बघा. व्हेगस आणि सिंपथेटिक दोन्ही बाजूंचा प्रभाव काढून टाकला तर सायनस नोड स्वतःच्या गतीनं चालतो. ती गती वयानुसार उतरते, आणि १९७० साली प्रसिद्ध झालेल्या एका सूत्रानुसार ती ११८.१ वजा ०.५७ गुणिले वय अशी येते. ७४ व्या वर्षी सुमारे ७६. ही मापनं केली होती कशी? माणसांना ॲट्रोपिन आणि प्रोप्रानोलॉल हा बीटा ब्लॉकर एकत्र देऊन. आजींच्या अंगात टिमोलॉल होतंच, वरून आपण ॲट्रोपिन दिलं. म्हणजे तोच प्रयोग नकळत घडला, तोही अर्धवट मात्रेत, कारण व्हेगस पुरती अडवायला १ मिलिग्रॅमहून बरंच जास्त ॲट्रोपिन लागतं. तरी नाडी ६८ पर्यंत आली. व्यक्तीव्यक्तीत फरक असतो हे धरूनही, मोडकळीला आलेला नोड एवढं देत नाही. दोष नोडमध्ये नव्हता, त्याला मिळणाऱ्या हुकुमांत होता. पेसमेकर थांबवला.

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णांवरचा २००९ चा एक मोठा अभ्यास इथं आठवतो. डोनेपेझिलच्या जातीची औषधं घेणाऱ्यांत शुद्ध हरपून रुग्णालयात येण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या पावणेदोन पट होतं. पेसमेकर बसवण्याचं आणि खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाणही जास्त होतं. त्यांतले किती पेसमेकर गोळी बंद करून टळले असते, हा प्रश्न तो वाचताना मनात येतोच.

ॲट्रोपिन देताना नर्सनं विचारलं होतं, "काचबिंदू आहे ना, चालेल?" विचारलं ते योग्यच. ज्याला जपायचं तो बंद कोनाचा काचबिंदू. तिथं बाहुली मोठी झाली की पाण्याची वाट बुजते. आजींचा उघड्या कोनाचा होता. आणि बीपी ८६ असताना हा वाद घालत बसायचं नसतं.

पुढचे दिवस

ॲट्रोपिनचा अंमल काही तासांत ओसरला आणि नाडी ४४ वर परतली. घरचे घाबरले, पण हे अपेक्षितच होतं. टिमोलॉल एका दिवसात जवळपास निघून जातं. डोनेपेझिलचा अर्धायुकाल सुमारे ७० तास, ते पुरतं निघायला दोन आठवडे लागतात. म्हणून दोन्ही बंद करून आजींना मॉनिटरवर ठेवलं, एकटीनं उठायचं नाही असं बजावलं. दुसऱ्या दिवशी नाडी ५०, पाचव्या दिवशी ५८. उभं करून पुन्हा मोजलं: बीपी १३४ वरून १२४, नाडी ५८ वरून ६७. पहिल्या दिवशीचं ०.१२ आता ०.९ झालं. पार्किन्सनच्या कुळातले आजार शोधायचं काम तिथंच मिटलं.

काचबिंदू मात्र उपचाराविना सोडता येत नाही. नवा थेंब निवडताना कळतं की डोळ्याचं औषधांचं कपाट म्हणजे स्वायत्त चेतासंस्थेचंच कपाट आहे. पायलोकार्पिन मस्कॅरिनिक रिसेप्टर चेतवतं. डोनेपेझिल अजून अंगात असताना ते नकोच. ब्रिमोनिडिन अल्फा-२ वर बसून मेंदूतून बीपी आणि नाडी उतरवू शकतं, वृद्धांना झोपाळूही करतं. बीटॅक्सोलॉल फक्त बीटा-१ अडवतं म्हणून 'सौम्य' गणलं जातं, पण ती सोय दम्याच्या रुग्णाची, कारण श्वासनलिकांवर बीटा-२ असतात; आपल्याला नडला तो बीटा-१ च. शेवटी नेत्रतज्ज्ञांशी बोलून लॅटानोप्रोस्ट दिलं. ते प्रोस्टाग्लँडिनच्या जातीचं, पाण्याचा निचरा वाढवतं, रात्री एकदाच घालायचं, आणि सायनस नोडशी त्याचं देणंघेणं नाही.

मावशींना बोलावून थेंब कसा घालायचा ते दाखवलं. खालची पापणी ओढून एकच थेंब, डोळा अलगद मिटायचा, उघडझाप करायची नाही, आणि नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दाबून दोन-तीन मिनिटं धरायचं. टिमोलॉलच्या बाबतीत एवढ्यानं रक्तात जाणारं औषध निम्म्याहून कमी होतं. मावशींनी पहिल्यांदा बोट नाकाच्या हाडावर खूप वर दाबलं; अश्रुनलिकेची जागा त्याच्या खाली, डोळ्याच्या अगदी कोपऱ्यात. बोट तिथं नेऊन ठेवावं लागलं. छापील सूचनेत हे वाचून कळत नाही.

लघवीची घाई दुसऱ्या आठवड्यात आपोआप उतरली. मूत्राशयासाठी मिराबेग्रॉन द्यावं अशी सूचना मधे आली होती, ते मस्कॅरिनिक नाही म्हणून. पण मिराबेग्रॉन यकृतातलं सीवायपी-२डी६ हे एंझाइम मंदावतं, आणि टिमोलॉल त्याच एंझाइमनं मोडलं जातं. पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधांचंही तेच. कुणी पुन्हा चुकून टिमोलॉल सुरू केलं तर तोच खड्डा दुसऱ्या बाजूनं. गरजच उरली नव्हती, म्हणून दिलं नाही.

उरला डोनेपेझिलचा प्रश्न. मुलाचं म्हणणं, गोळीनं आई नावं विसरायची जरा कमी झाली होती. सुनेला तसं काही दिसलं नव्हतं. टिमोलॉल नसताना ५ मिलिग्रॅम ईसीजीवर नजर ठेवून पुन्हा सुरू करता येतं, आणि तसं करणारे डॉक्टर आहेत. माझं मत विरुद्ध पडतं: फायदा दोघांना दोन प्रकारे दिसतोय, आणि खुब्याचं हाड मोडलं तर ते सगळ्यांना सारखंच दिसेल. डोनेपेझिलच्याच जातीच्या रिव्हास्टिग्मिनची पट्टी हा मधला मार्ग नव्हे. पोटाला ती सौम्य असली तरी एंझाइम तेच अडवते. विसरण्यावरचंच दुसरं औषध मेमँटिन वेगळ्या रिसेप्टरवर चालतं, त्याचा विचार पुढच्या भेटीत करायचा ठरलं. सहा आठवड्यांनी आजी आल्या तेव्हा नाडी ६४, डोळ्याचा दाब आटोक्यात. सुनेच्या वहीत आता तीन रकाने होते. डोनेपेझिल सुरू केलेलं नव्हतं, आणि मुलानं त्याबद्दल पुन्हा विचारलं नाही.